दातांवरच्या थराला प्रकाशाची टिचकी

साठी ओलांडलेले एक निवृत्त मास्तर माझ्या दवाखान्यात खुर्चीत बसले होते. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूने मी उपकरणाचं टोक हलकेच फिरवलं आणि टोकावर आलेला पांढरट, लोण्यासारखा लगदा त्यांना दाखवला.

"सकाळचे पोहे राहिले असतील," ते म्हणाले. "चूळ नीट भरली गेली नसेल."

"मास्तर, हे अन्न नाही. हे जिवाणू आहेत."

"एवढे सगळे?"

खरंच एवढे सगळे. अशा ओल्या लगद्याच्या एका मिलिग्रॅममध्ये साधारण दहा कोटी जिवाणू असतात. मास्तरांनी चष्मा लावून पुन्हा पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला, "मग त्यात किडीचे कोणते आणि बिनकिडीचे कोणते, हे तुम्हाला इथे बसून कळतं का?"

कळत नाही. डोळ्यांनी कळत नाही आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तरी नेमकं कळत नाही. ते कळावं म्हणून गेल्या काही दशकांत या थरावर वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश टाकून, परत येणारा प्रकाश वाचण्याचे प्रयत्न चालू आहेत. त्या विद्येला वर्णपटशास्त्र म्हणतात, प्रयोगशाळेत सगळे स्पेक्ट्रोस्कोपीच म्हणतात. मास्तरांना त्या दिवशी पाच मिनिटांत जे सांगता आलं नाही, ते इथे सविस्तर लिहितो.

आधी त्या थराबद्दल. दंतवैद्य त्याला प्लाक म्हणतात. तो मऊ असतो, ब्रशने निघतो. तोच तसाच राहिला आणि लाळेतल्या कॅल्शियम-फॉस्फेटने दगडासारखा झाला, की त्याला आपण कीटण म्हणतो, आणि ते मग ब्रशला दाद देत नाही.

प्लाकमधले जीव सगळ्यात आधी पाहिले ते हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या आंतोनी फान लेव्हेनहूक यांनी. 17 सप्टेंबर 1683 च्या पत्रात त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला हे कळवलं. ते रोज सकाळी मिठाने दात घासत, आपल्याकडे जुनी माणसं घासायची तसेच, आणि तरीही दाढांच्या फटीत पिठूळ पांढरं काही उरायचं. ते पाण्यात कालवून त्यांनी स्वतः घासलेल्या भिंगाखाली धरलं, तर त्यात असंख्य बारीक जीव सुळसुळत होते. पुढे त्यांनी एक गोष्ट नोंदवली आणि मला ती मूळ शोधाइतकीच मोलाची वाटते. दातांवरून खरवडलेल्या मळात व्हिनेगर मिसळलं की जीव मरायचे, पण व्हिनेगरने चूळ भरली तर मरायचे नाहीत. त्यांनी अंदाज बांधला की व्हिनेगर फक्त वरच्या जिवांना मारतं, थराच्या आतपर्यंत पोचत नाही. बायोफिल्म हा शब्द वापरात यायला तेव्हा जवळजवळ तीनशे वर्षं बाकी होती, पण बायोफिल्मचा मुख्य गुण या माणसाने चूळ भरून ओळखला होता.

बायोफिल्म म्हणजे काय, हे आपल्या स्वयंपाकघरात दिसतं. माठ चार-पाच दिवस घासला नाही की आतून हाताला बुळबुळीत लागतो. ती बुळबुळ म्हणजे जिवाणूंनी स्वतःभोवती तयार केलेला चिकट गिलावा. पाण्यात एकटे पोहणारे जिवाणू एखाद्या पृष्ठभागाला चिकटतात, गिलावा करतात आणि मग त्यात वस्ती करून राहतात. दातांवर हेच घडतं, फक्त फार शिस्तीत. दात स्वच्छ केल्यावर काही मिनिटांतच लाळेतली प्रथिनं दाताच्या एनॅमलवर, म्हणजे बाहेरच्या कठीण कवचावर, पातळ साय धरतात. त्या सायीला आधी काही ठरावीक स्ट्रेप्टोकॉकस आणि अॅक्टिनोमायसिस जातीचे जिवाणू चिकटतात. मग त्यांना धरून दुसरे येतात आणि दुसऱ्यांना धरून तिसरे. फ्युजोबॅक्टेरियम नावाचा लांबुळका जिवाणू आधीच्यांना आणि नंतरच्यांना जोडणाऱ्या पुलासारखा काम करतो. माणसांच्या तोंडात आजवर सातशेच्या वर जाती सापडल्या आहेत. प्रत्येकाच्या तोंडात सगळ्याच असतात असं नाही.

यात साखरेचं काम दुहेरी आहे. स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा जिवाणू 1924 मध्ये किडलेल्या दातांतून वेगळा काढला गेला. तो साखर खाऊन आम्ल सोडतो, हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्याच साखरेतला ग्लुकोज एकापुढे एक ओवून तो ग्लुकान नावाचे चिकट धागेही विणतो. म्हणजे साखर त्याचं जेवणही आणि घर बांधायचा चुनाही. गुळातही मुख्यतः हीच साखर असते. "आम्ही साखर खात नाही, गूळच खातो" असं मला रोज कुणी ना कुणी सांगतं, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आता अडचण कुठे आहे ती पाहू. या थराचा अभ्यास करायच्या जुन्या रीती दोन. एक, थर खरवडून बशीत वाढवायचा आणि कोण उगवतं ते बघायचं. दुसरी, थर कुटून त्यातला डीएनए काढायचा आणि यादी करायची. दोन्हींनी खूप कळलं आणि अजूनही कळतंय. पण दोन्हींत थर मोडावा लागतो. एखाद्या जुन्या वाड्यात कोण कसं राहतं हे समजून घ्यायचं आणि त्यासाठी वाडा पाडून माणसं रस्त्यावर आणून मोजायची, असं ते होतं. नावं मिळतात, पण कोण माडीवर, कोण परसात, कोण कुणाच्या शेजारी आणि चूल कुठे पेटली होती, हे सगळं हातचं जातं. आणि दात किडतो तो नेमका या शेजारावरून. किडका जिवाणू तोंडात असणं पुरेसं नसतं. तो दाताला लागून, गिलाव्याखाली, लाळेपासून लपून बसला, तर त्याचं आम्ल तिथेच साचतं.

वाडा न पाडता आत कसं बघायचं? तर टिचकी मारून. कुंभाराकडे माठ घेताना आपण बोटाने टिचकी मारतो आणि कान देऊन ऐकतो. खणखणीत वाजला तर नीट भाजलेला, बद्द वाजला तर कच्चा नाहीतर तडकलेला. माठ फोडून बघावं लागत नाही, कारण प्रत्येक वस्तू आपल्या घडणीप्रमाणे थरथरते. रेणूंचंही तसंच आहे. दोन अणूंमधला बंध स्प्रिंगसारखा सतत थरथरत असतो. कार्बन आणि हायड्रोजनमधला बंध एका वेगाने, फॉस्फरस आणि ऑक्सिजनमधला दुसऱ्या वेगाने. ही थरथर कानाला ऐकू येत नाही, पण प्रकाशाला कळते. प्रकाश टाकायचा आणि परत आलेला प्रकाश लोलकासारख्या जाळीतून पसरवून बघायचं, कोणते रंग कमी झाले, कोणते नव्याने उमटले. त्या पसरलेल्या पट्ट्याला वर्णपट म्हणतात.

टिचकी मारायच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिलीत अवरक्त प्रकाश वापरतात, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, लालच्या पलीकडचा. रेणूच्या थरथरीशी ज्याचा वेग जुळतो तो प्रकाश रेणू गिळतो, आणि जे गिळलं गेलं त्यावरून रेणू ओळखायचा. 1991 मध्ये बर्लिनच्या रॉबर्ट कॉख इन्स्टिट्यूटमधल्या शास्त्रज्ञांनी 'नेचर'मध्ये दाखवलं, की जिवाणूंच्या अवरक्त वर्णपटाचा उपयोग अंगठ्याच्या ठशासारखा करता येतो.

पण या पद्धतीचा एक मोठा वैरी आहे, पाणी. पाणी अवरक्त प्रकाश अधाशासारखं पितं, आणि प्रथिनांची सगळ्यात महत्त्वाची खूण जिथे उमटते नेमकी तिथेच पाण्याचीही उमटते. प्लाक तर बहुतेक पाणीच. त्यासाठी एक युक्ती करतात. एका स्फटिकाच्या आतून प्रकाश असा तिरपा पाठवायचा की तो बाहेर न पडता आतल्या आत उसळत राहील. स्फटिकाच्या पृष्ठभागाबाहेर तो जेमतेम मायक्रॉनभर डोकावतो, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका. थर थेट स्फटिकावर वाढवला, तर प्रकाशाला त्याचा तळच तेवढा दिसतो, वरचं पाणी दिसत नाही. दातांच्या बाबतीत हे बरंच म्हणायचं, कारण आपल्याला तळाचंच जास्त जाणून घ्यायचं असतं.

पोलंडमधल्या लुब्लिनच्या शास्त्रज्ञांनी किडीला कारण होणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकसांचे थर वाढवून त्यांचे अवरक्त आणि रामन (ही टिचकीची दुसरी पद्धत, ती पुढे येतेच) असे दोन्ही वर्णपट 2020 मध्ये तपासले. गिलाव्यातले ग्लुकान दोन तऱ्हांचे असतात. ग्लुकोजच्या कड्या एका रीतीने जोडल्या तर धागा पाण्यात विरघळतो, दुसऱ्या रीतीने जोडल्या तर विरघळत नाही, आणि हा न विरघळणारा धागाच थराला दातावर घट्ट धरून ठेवतो. रसायन तेच, सांधा तेवढा वेगळा. असा सांध्याचा फरकही वर्णपटातल्या शिखरांवरून ओळखू येतो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

टिचकीची दुसरी पद्धत आपल्याच देशातली. 28 फेब्रुवारी 1928 रोजी कलकत्त्यात सी. व्ही. रामन आणि के. एस. कृष्णन यांना जो परिणाम दिसला, ज्यासाठी रामन यांना 1930 चं नोबेल मिळालं आणि ज्याच्या स्मरणार्थ आपण विज्ञान दिन पाळतो, तोच हा. शाळेत आपण तारीख पाठ करतो आणि परिणाम विसरतो, म्हणून तो एकदा नीट पाहू. समजा, हिरवा लेसर एखाद्या वस्तूवर पाडला. आलेले बहुतेक प्रकाशकण हिरवेच्या हिरवे परत उसळतात. पण साधारण कोटीत एखादा कण जाताजाता रेणूला थोडी थरथर देऊन जातो. तेवढी ऊर्जा त्याची कमी होते, म्हणून तो परत येताना किंचित लालसर झालेला असतो. किती लालसर, ते त्या बंधावर ठरतं. मग यंत्र काय करतं? मूळ हिरवा प्रकाश गाळून टाकतं, आणि उरलेले तुरळक, रंग बदललेले कण धीराने मोजत बसतं.

मोजलेल्या कणांचा आलेख काढला की डोंगररांगेसारखी शिखरं दिसतात. शिखराची जागा 'प्रति सेंटीमीटर' या एककात सांगतात. 960 च्या आसपास टोकदार, उंच शिखर दिसलं की ते एनॅमलमधलं फॉस्फेट, म्हणजे खाली दात आहे. 1003 च्या आसपासचं बारीक शिखर प्रथिनांतल्या फेनिलअॅलॅनिनचं. 780 च्या जवळपास डीएनए-आरएनएची खूण, 1450 ला मेद आणि प्रथिनं, 1660 च्या सुमाराला पुन्हा प्रथिनांचा कणा. या पद्धतीत पाणी जवळजवळ गप्प बसतं. त्यामुळे थर वाळवावा लागत नाही, रंगवावा लागत नाही, ओला आणि जिवंत असतानाच वाचता येतो. शिवाय लेसर सूक्ष्मदर्शकातून पाडला तर प्रकाशाचा ठिपका मायक्रॉनभर, म्हणजे एका जिवाणूएवढा बारीक करता येतो.

याचा एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्सचा एक भाऊबंद आहे, स्ट्रेप्टोकॉकस सॅंग्विनिस. दोघेही गोल मण्यांच्या माळेसारखे आणि सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसणारे. पण दोघांचं हाडवैर. सॅंग्विनिस हायड्रोजन पेरॉक्साइड सोडून म्युटन्सला आवरतो, म्युटन्स आम्ल आणि आपली खास विषं सोडून सॅंग्विनिसला हुसकावतो. जिथे सॅंग्विनिसची सत्ता असते तिथे दात सहसा शाबूत राहतो. म्हणजे या दोघांत कोण किती आणि कुठे, हा प्रश्न थेट किडीचाच आहे. अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी 2010 मध्ये रामन सूक्ष्मदर्शकाने बायोफिल्ममध्ये या दोघांना वेगवेगळं ओळखून दाखवलं. दोघांच्या वर्णपटांतला फरक डोळ्यांना जाणवतही नाही. शिखरं त्याच जागी, फक्त कुणाचं तसूभर उंच, कुणाचं तसूभर ठेंगणं. पण शेकडो वर्णपट संगणकाला आधी ओळख करून देऊन शिकवले, की नंतरचा अनोळखी वर्णपट कुणाचा हे तो सांगू शकतो. दाराआडून नुसता खोकला ऐकून घरातलं कोण आलं ते आपल्याला कळतं, तशीच ही ओळख असते. एका खुणेवर ती ठरत नाही, सगळ्या खुणा एकत्र बघाव्या लागतात.

रामनची खोट अशी, की वेळ फार लागतो. हिशेब करून बघा. 100 मायक्रॉन लांब-रुंद तुकडा, म्हणजे केसाच्या जाडीएवढा, मायक्रॉन-मायक्रॉनने वाचायचा म्हटलं तर दहा हजार ठिपके. प्रत्येकाला एक सेकंद दिला तरी पावणेतीन तास, दहा सेकंद दिले तर दिवसाहून जास्त. तेवढ्या वेळात जिवंत थर बदलत राहतो. शिवाय प्लाकमधले कित्येक पदार्थ लेसर पडताच स्वतःच चमकू लागतात, आणि त्या झगमगाटात रामनचे तुरळक कण दिवसाच्या चांदण्यांसारखे हरवतात.

पण ही जी झगमग रामनवाल्यांना नकोशी वाटते, तिच्यावरच दुसऱ्यांनी आपलं काम उभं केलं.

बँकेत नोट तपासायचा जांभळा दिवा तुम्ही पाहिला असेल. त्याखाली नोटेवरचे आकडे चमकतात. दातांसाठी असाच सुमारे 405 नॅनोमीटर तरंगलांबीचा जांभळा प्रकाश वापरतात, आणि डोळ्यांसमोर पिवळसर गाळणी धरतात, म्हणजे परत उसळलेला जांभळा अडतो आणि दातातून निघालेली चमक तेवढी दिसते. निरोगी दात त्यात हिरवट उजळ दिसतो. जिथे एनॅमलमधली खनिजं झिजायला लागली आहेत तिथे डाग काळपट पडतो. आणि हिरडीलगत, दोन दातांच्या फटींत, जुन्या भरावाच्या कडेला विटकरी-लाल रेघा पेटतात. तो लाल रंग पॉर्फिरिन नावाच्या द्रव्यांचा. रक्तातल्या हिमोग्लोबिनचा गाभा ज्या कुळातला, त्याच कुळातली ही द्रव्यं काही जिवाणू तयार करून साठवतात.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो पेशंटमध्ये आहे तसा काही जाहिरातींतही दिसतो. लाल दिसलं म्हणजे कीड, असं नाही. म्युटन्स स्वतः असा ठळक लाल चमकत नाही. लाल चमक सांगते ती थराच्या वयाबद्दल. आज सकाळी बसलेला थर लाल दिसत नाही. काही दिवस न हलवलेला, दाटलेला, नव्या-जुन्या जिवाणूंनी भरलेला थर लाल दिसतो. मला दवाखान्यात तेवढं कळलं तरी पुष्कळ असतं, कारण ब्रश कुठे पोचत नाही हे त्यावरून कळतं. मास्तरांना मी त्यांच्याच दातांचा असा फोटो दाखवला होता. खालच्या दातांच्या आतून सरळ एक लाल रेघ होती. "म्हणजे रोज मी समोरूनच घासतोय," ते स्वतःच म्हणाले. एरवी हेच समजावायला मला दहा मिनिटं लागतात, आणि तरी पटतंच असं नाही.

या सगळ्यात मला सर्वांत आवडतं काम अमेरिकेतल्या वुड्स होल इथल्या मरीन बायोलॉजिकल लॅबोरेटरीचं. तिथल्या शास्त्रज्ञांपुढचा प्रश्न असा होता. जिवाणूंच्या वेगवेगळ्या जातींना वेगवेगळे चमकणारे रंग लावता येतात. जातीची खूण पटणारा डीएनएचा छोटा तुकडा घ्यायचा, त्याला रंग जोडायचा, तो त्याच जातीला जाऊन चिकटतो. पण एका वेळी तीन-चार रंगांपलीकडे गेलं की रंग एकमेकांत मिसळतात, हिरवा कुठे संपला आणि पिवळा कुठे सुरू झाला ते कळेनासं होतं. त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे प्रत्येक जातीला एकाऐवजी दोन रंगांची जोडी दिली. सहा रंगांतून दोन-दोनच्या जोड्या पंधरा होतात, म्हणजे पंधरा प्रकारचे जिवाणू. दुसरं म्हणजे चित्रातल्या प्रत्येक बारीक ठिपक्याला नुसता रंग न बघता पूर्ण वर्णपट मोजला, आणि त्यात कोणत्या दोन रंगांचा किती वाटा आहे हे गणिताने सोडवलं. तंबोऱ्याच्या चारही तारा एकत्र वाजत असताना जाणत्या कानाला पंचम आणि षड्ज वेगळे ऐकू येतात, तसं हे गणित आहे.

ही रीत 2011 मध्ये प्रसिद्ध झाली, आणि 2016 मध्ये तिच्याने माणसाच्या दातांवरच्या प्लाकचे जे फोटो निघाले ते पाहून मी बराच वेळ नुसता बघत राहिलो होतो. इतकी वर्षं ज्याला आपण मळ म्हणून खरवडून टाकत होतो, त्यात साळिंदराच्या आकाराच्या वसाहती होत्या. मधून कोरिनेबॅक्टेरियमचे लांब धागे साळिंदराच्या काट्यांसारखे चहूकडे निघालेले. प्रत्येक काट्याच्या टोकाला स्ट्रेप्टोकॉकस असे दाटीने चिकटलेले की मक्याचं कणीस वाटावं. परिघावरचे हे स्ट्रेप्टोकॉकस लाळेतून येणारी साखर आणि ऑक्सिजन आधी गट्ट करतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. त्यांच्या लगेच आत, काट्यांच्या मधल्या पट्ट्यात, कॅप्नोसायटोफागा हा जिवाणू गर्दी करून राहतो, आणि त्याला नेमका कार्बन डायऑक्साइड मानवतो. फ्युजोबॅक्टेरियमही याच पट्ट्यात. नुसती यादी हातात असती तर ही नावं ओळीने वाचून आपण पान उलटलं असतं.

2020 मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी तीव्र कीड लागलेल्या लहान मुलांचे काढलेले दात घेऊन अशाच प्रकारे थर पाहिले. तिथे त्यांना गोल घुमटासारखी रचना दिसली. गाभ्यात म्युटन्स, गिलाव्याने लपेटलेला, आणि भोवती दुसऱ्या स्ट्रेप्टोकॉकसांची कवचं. त्या घुमटांच्या खाली आम्ल साचून एनॅमल झिजत होतं. लेव्हेनहूक यांचं व्हिनेगर आत का पोचत नव्हतं, याचं उत्तर मला या चित्रात दिसतं.

आम्ल नेमकं कुठे साचतं, हेही प्रकाशाने मोजता येतं. 1940 च्या दशकात रॉबर्ट स्टीफन यांनी बारीक इलेक्ट्रोड प्लाकमध्ये टेकवून दाखवलं होतं, की साखरेच्या पाण्याने चूळ भरल्यावर काही मिनिटांतच पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त), 5.5 च्या खाली घसरतो आणि पूर्वपदावर यायला अर्धा-पाऊण तास तरी लागतो. 5.5 च्या आसपास एनॅमल विरघळायला लागतं. दंतवैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो आलेख काढलेला असतो. पण इलेक्ट्रोड टोचल्यावर थर फाटतो, आणि मिळतो तो त्या भागाचा एकच आकडा. डेन्मार्कच्या आऱ्हुस विद्यापीठात वेगळा मार्ग काढला. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. पीएच बदलला की रंग बदलणारा असाच एक चमकणारा रंग त्यांनी थरात मुरवला आणि त्याच्या चमकेतल्या दोन रंगपट्ट्यांचं प्रमाण ठिपक्या-ठिपक्याला मोजलं. एकाच थरात, काही मायक्रॉनच्या अंतरावर, एक कोपरा आंबट आणि शेजारचा त्यामानाने सौम्य, असा नकाशा मिळाला.

आणखी एक प्रयोग औषधांच्या बाबतीत. माउथवॉश किंवा फ्लोराइडने जिवाणूंची वाढ थांबली की आपण समजतो, काम झालं. चीनमधल्या छिंगदाओ इथल्या संशोधकांनी 2017 मध्ये म्युटन्सला जड पाणी पाजलं. जड पाण्यात साध्या हायड्रोजनऐवजी त्याचा दुप्पट वजनाचा भाऊ, ड्युटेरियम, असतो. जिवाणू जिवंत असून पचनाचं काम चालू असेल तर ड्युटेरियम त्याच्या मेदा-प्रथिनांत जातो. जड अणू सावकाश थरथरतो, म्हणून रामनच्या आलेखात 2040 ते 2300 च्या दरम्यान, जिथे एरवी सजीवांचं काहीच नसतं अशा मोकळ्या मैदानात, नवी टेकडी उगवते. औषधाने वाढ थांबवलेल्या काही जिवाणूंत ती टेकडी उगवली. म्हणजे ते वाढत नव्हते, पण मेलेही नव्हते. पेशींची संख्या मोजून हे कधीच कळलं नसतं.

मग हे सगळं गावोगावच्या दवाखान्यांत का नाही? लाल चमकेचा दिवा आहे, बाकीचं अजून प्रयोगशाळेतच आहे. रामन सूक्ष्मदर्शक महाग आणि मोठा. प्रयोगशाळेत वाढवलेला दोन जातींचा थर आणि तोंडातला शेकडो जातींचा थर यांत जमीन-अस्मानाचा फरक. एकाच ठिपक्यात दोन-तीन जिवाणू आले तर वर्णपट मिसळतात. शिवाय संगणक जे शिकला असेल तेवढंच ओळखतो. न शिकलेली जात समोर आली तर तिला तो शिकलेल्यांपैकीच एखाद्या नावाने हाक मारतो. तोंडात थेट रामन मोजणं अशक्य मात्र नाही. खारघरला टाटा मेमोरियलच्या अॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात तोंडाच्या कर्करोगासाठी गालाच्या आतल्या त्वचेवर बारीक काचतंतू टेकवून रामन वर्णपट घेण्याचं काम झालं आहे. गाल मऊ आणि सपाट असतो, दातांची फट तशी नसते, आणि आत जीभ सतत हलत असते. प्लाकसाठी ही अडचण मोठी आहे.

शेवटी कीटणाबद्दल, कारण ते राहिलंच. प्लाक दगड होतो तेव्हा त्या दिवसात तोंडातून जे जे गेलं त्याचे कणही त्यात अडकून दगड होतात. जर्मनीत डालहाइम इथे स्त्रियांच्या एका मध्ययुगीन मठाच्या स्मशानात एका मध्यमवयीन बाईचा सांगाडा मिळाला. तिचा काळ इसवी सन 997 ते 1162 च्या दरम्यानचा. तिच्या दातांवरचं कीटण विरघळवून पाहताना त्यात निळे कण सुटे झाले, गर्द निळे. हे काय, हे ठरवायला पुन्हा रामनचा लेसर त्यांच्यावर पाडला. शिखर आलं 548 च्या जवळ, लॅझुराइटचं. म्हणजे लाजवर्द, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून तेव्हा युरोपात पोचणारा, अतिशय महागडा दगड. तो कुटून केलेला निळा रंग पोथ्यांपैकी फक्त उत्तमोत्तम पोथ्या रंगवायला वापरत. 2019 मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा संशोधकांनी सगळ्यात संभाव्य अर्थ असा लावला, की ही बाई पोथ्या रंगवत असावी आणि कुंचल्याचं टोक बारीक करायला ते पुन्हा पुन्हा ओठांत धरत असावी.

तो मठ पुढे चौदाव्या शतकात जळाला आणि तिथलं फारसं काही मागे उरलं नाही. तिचं नाव कुठे लिहिलेलं नाही, तिने रंगवलेली पोथीही कुणाला माहीत नाही. खालच्या पुढच्या दातांवर, जिथे मास्तरांच्या दातांवर लाल रेघ होती, तिथे तिच्या दातांवरचं कीटण होतं, आणि त्यात तो निळा.